शिंपल्या राहू द्या, मासे बदला

पत्र : आम्ही देवगड तालुक्यात, बंदराच्या वरच्या अंगाला राहतो. घरची बोट आहे. मुलगा यंदा सहावीत जातोय. मेच्या सुरुवातीला त्याच्या वाढदिवसाला मुंबईच्या मामाने दोन फुटांची काचेची टाकी आणली आणि त्याच दिवशी दुकानातून मासे आणून सोडले : ४ गोल्डफिश, २ एंजल, ६ निऑन, ४ मॉली, २ शार्क आणि १ सकर. पाणी आमच्या विहिरीचं. मुलाने किनाऱ्यावरची वाळू आणि स्वतः वेचलेल्या शिंपल्या, शंख तळाला घातले. तीन आठवड्यांत एक काळी मॉली आणि सकर एवढेच उरले. सासूबाई म्हणतात, मुके जीव मारायचं पाप घरात नको. मिस्टर म्हणतात, "दर्यात मासे कमी आसत काय, घरात कशाक पाळतस?" मुलगा मात्र रोज त्या उरलेल्या दोन माशांसमोर बसून असतो. एकमेकांशी पटणारे मासे कोणते ते सांगा, म्हणजे या वेळी तरी नीट आणता येतील. – एक आई

ताई,

आधी मुलाला सांगा की मासे त्याच्या हातून मेले नाहीत. त्याने शिंपल्या घातल्या म्हणून काहीतरी बिघडलं असं कुणी त्याला म्हणालं असेल, किंवा त्यालाच मनात वाटत असेल, तर ते आजच काढून टाका. मासे गेले ते एका लहान टाकीत, एकाच दिवशी, कधीच एकत्र राहू न शकणारे १९ जीव सोडल्यामुळे. ती निवड मोठ्या माणसांनी केली होती, आणि विकणाऱ्याने ती थांबवायला हवी होती.

तुम्ही पटणाऱ्या माशांची यादी मागितलीत. ती देते, पण पाण्याचं बोलून झाल्यावर. मासे एकमेकांशी भांडतात की नाही हे सगळे विचारतात. त्यांना एकच पाणी मानवतं का, हे मात्र फार थोडे विचारतात. जो मासा चुकीच्या पाण्यात आहे तो भांडत नाही, कोपऱ्यात उभा राहून दोन-तीन आठवड्यांत संपतो.

तुमच्या टाकीतलं कोण वाचलं ते बघा. मॉली मूळची मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडची. तिकडे ती गोड्या पाण्यात राहते तशीच खाडीच्या मचूळ पाण्यातही राहते. तिला जड, म्हणजे क्षार जास्त असलेलं पाणी हवं असतं, थोडं मीठ तिला चालतं. निऑन त्याच्या अगदी उलट. तो अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, पाला कुजून कोऱ्या चहाच्या रंगाचं झालेलं, मऊ आणि किंचित आंबट पाणी त्याच्या घरचं. आता तुमच्या टाकीत काय होतं? विहीर जांभ्यातली, म्हणजे पाणी मुळात मऊ. ते ओळखायला यंत्र लागत नाही. साबणाला भरपूर फेस येतो, तूरडाळ लवकर शिजते, पाणी तापवायच्या पातेल्याच्या तळाला पांढरा थर धरत नाही. पण त्यात पडल्या शिंपल्या आणि समुद्राची वाळू. शिंपली म्हणजे चुनाच की. पूर्वी आपल्याकडे शिंपल्या भाजूनच चुना करायचे. ती पाण्यात हळूहळू विरघळते, पाणी जड होतं, पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, आंबटपणा कमी तसा तो जास्त) वर चढतो. वाळू पुरेशी धुतली नसेल तर थोडं मीठही उतरतं. म्हणजे मुलाने नकळत खाडीच्या जवळ जाणारं पाणी तयार केलं, आणि त्या पाण्यातली मासळी, मॉली, त्यात टिकली. निऑनला ते मानवणं कठीणच होतं.

पण सतरा मासे जायला एवढंच कारण पुरत नाही. खरा घात अमोनियाचा. मासे कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतात, उरलेले दाणे कुजून त्यात भर पडते. जुन्या टाकीत, फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि तळाच्या वाळूत असे जिवाणू वस्तीला असतात जे अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात. पहिले दोन विषारी, तिसरं बरंच निरुपद्रवी. ही वस्ती बसायला ४ ते ६ आठवडे लागतात. नव्या टाकीत ती नसतेच. तिथे पहिल्याच दिवशी १९ मासे म्हणजे नवं घर बांधलं, सांडपाण्याची वाट काढलीच नाही, आणि सगळं वऱ्हाड आत घेतलं.

त्यात शिंपल्यांनी पीएच चढवला. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक बरंच सौम्य आणि एक जहाल. पीएच ७ वरून ८ वर गेला की जहाल रूपाचं प्रमाण साधारण दहापट होतं. पाणी गरम असेल तर आणखी वाढतं. मे महिना, देवगडचा उकाडा, टाकीतलं पाणी ३० अंशांच्या वर गेलं असणार. गरम पाण्यात प्राणवायूही कमी मावतो. अशात मॉलीही चारपैकी तीन गेल्या यात नवल नाही. सकर वाचला कारण तो वर येऊन हवा गिळू शकतो.

म्हणून माझा सल्ला असा की शिंपल्या काढू नका. मासे बदला. मुलाने वेचलेल्या शिंपल्या टाकीत हव्यात ही त्याची इच्छा मला महत्त्वाची वाटते. ती टाकी त्याची व्हायची तर त्याच्या किनाऱ्याचं काहीतरी तिच्यात असायला हवं. शिवाय जांभ्याच्या मऊ पाण्याचा एक दोष शिंपल्या झाकतात. मऊ पाण्यात पीएच धरून ठेवणारं काही नसतं, आणि माशांच्या विष्ठेने ते महिन्या-दोन महिन्यांत फार आंबट होत जातं. तेव्हा शिंपल्या उकळून, घासून परत घाला. शंख मात्र सगळे बाहेर काढा. वळणदार शंखाच्या आत खोलवर मेलेल्या किड्याचं मांस अडकून राहतं, ते कुजतं आणि पाणी नासवतं. वास घेऊन बघा, कळेल. किनाऱ्याची वाळू ठेवायची असेल तर बादलीत आठ-दहा पाण्यांनी धुवा आणि एक इंचापेक्षा जाड थर देऊ नका. बारीक वाळू दाबून बसते आणि खाली हवा पोचत नाही. हे मात्र एका दमात करू नका. टाकीत दोन जीव आहेत. शंख आज काढा, वाळू थोडी थोडी करून दोन आठवड्यांत.

आता तुमची यादी. या पाण्यात मॉली, प्लॅटी, गप्पी, स्वॉर्डटेल हे चौघं एकमेकांचे सोबती. चौघंही पिल्लं घालणारे, जड पाण्याचे, स्वभावाने निवांत. पण दोन बाय एक बाय एक फुटाच्या टाकीत ५६ लिटर पाणी मावतं, आणि वाळू, वरची मोकळी जागा वजा जाता ४५ लिटरच्या आसपास उरतं. तेवढ्यात चौघांची गर्दी नको. स्वॉर्डटेल चार-पाच इंची होतो, उड्याही मारतो, त्याला सोडून द्या. मॉली चार ठेवा, एक नर आणि तीन माद्या. नर ओळखायचं काम मुलाला द्या. पोटाखालचा मागचा पर पंख्यासारखा पसरलेला असेल तर मादी, काडीसारखा टोकदार असेल तर नर. तुमच्याकडे उरलेली मॉली कोण आहे ते आधी बघा आणि त्याप्रमाणे बाकीच्या आणा. नर जास्त झाले की माद्यांच्या मागे लागून त्यांना दमवून मारतात, म्हणून हे प्रमाण. महिन्याभराने पाच प्लॅटी, किंवा पाच गप्पी. गप्पी आणणार असाल तर फक्त नर आणा. रंग त्यांनाच असतो. पिल्लं मॉलीची होतीलच, मुलाला ती बघायला मिळतील, तेवढी पुरे. गप्पीची मादी दर महिन्याला पिल्लं घालते आणि एकदा नराजवळ राहिली की पुढे कित्येक महिने नराशिवायही घालत राहते.

नऊ मासे. हे ऐकून मुलगा हिरमुसेल. पण नऊ मासे मोकळे पोहताना दिसतात तसे एकोणीस दिसत नाहीत.

मामांनी आणलेल्या बाकीच्यांबद्दलही सांगते, नाहीतर पुढच्या वाढदिवसाला तेच परत येतील.

एंजल आणि निऑन दोघंही अॅमेझॉनचे, दोघांना मऊ पाणी आवडतं, म्हणून दुकानात ते एकाच टाकीत दिसतात. माझ्या पहिल्या टाकीत मी हीच चूक केली. एंजल आणले तेव्हा रुपयाच्या नाण्याएवढे होते, निऑनकडे बघतही नव्हते. आठ महिन्यांनी ते तळहाताएवढे झाले आणि सकाळी दिवा लावला की निऑन एक-एक कमी. शेवटचा निऑन मी दुसऱ्या टाकीत हलवला, तर एकटा पडून तो खाईना. त्यानंतर मी मासा घेताना त्याचं आजचं माप बघत नाही. तो पूर्ण वाढल्यावर त्याचं तोंड केवढं होईल आणि त्यात टाकीतलं कोण मावेल, हे बघते. मासा शाकाहारी आहे, गरीब आहे, असं कुणी कितीही सांगू दे. तोंडात मावणारं पिल्लू जवळपास सगळे मासे खातात, मॉली स्वतःचीही खाते. म्हणून टाकीच्या एका कोपऱ्यात दाट पाणवनस्पती हवी, पिल्लांना लपायला.

गोल्डफिशचं घरच वेगळं. चीनमध्ये हजारेक वर्षांपूर्वी नदीतल्या कार्पपासून माणसाने तयार केलेला हा मासा. त्याला थंड पाणी हवं, तो वितीएवढा वाढतो, आणि खातो त्याहून घाण जास्त करतो असं वाटावं इतकं पाणी नासवतो. आपल्या मे महिन्यात दोन फुटी टाकीत चार गोल्डफिश म्हणजे त्यांचे हालच. आठ सोनेरी आणि एक काळा असे नऊ ठेवले की घरात लक्ष्मी येते, असं पुष्कळजण सांगतात. ज्या घरात ते नऊ तडफडून मरतात तिथे कसलं शुभ होणार?

तो 'शार्क' तुमच्या मिस्टरांना दाखवायला हवा होता. त्यांनी लगेच ओळखला असता की हा मुशीचा कुणी लागत नाही, मिशीवाला आहे, शिंगाळ्याच्या गणगोतातला. हॉटेलात 'बासा' म्हणून ज्याचे तुकडे मिळतात तोच हा पंगस. तीन फुटांच्या वर जातो. दोन फुटांच्या टाकीत!

आणि सकर. तुमच्याकडे उरलाय तो आज बोटाएवढा असेल, पण फूट-दीड फूट होणार. काच साफ करतो म्हणून तो विकतात, पण मोठा झाला की काचेकडे फारसा जात नाही आणि त्याची स्वतःची घाण टाकीला झेपत नाही. दुकानात परत द्या किंवा मोठी टाकी असलेल्या कुणाला द्या. घ्यायला कुणी नसेल तर तोवर तुमच्याकडेच राहू द्या, पण व्हाळात, तळ्यात, धरणात सोडू नका, ही माझी हात जोडून विनंती. सासूबाईंना तो सोडून देणं पुण्याचं वाटेल. पण बाहेर तो मरत नाही, पसरतो. काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालतो, काठ ढासळतात, आणि आपल्या माशांचं खाणं आणि जागा दोन्ही जातात. देशात कितीतरी तळ्यांत हे झालंय. पहिल्या पावसात व्हाळाला वर चढणारे मासे, चढणीच्या वेळी ज्यांच्यासाठी सगळा गाव कंदील घेऊन जातो, ते अंडी घालायलाच वर येत असतात. त्यांच्या वाटेत आपण परदेशी मासा सोडायचा नाही. मॉलीची पिल्लं जास्त झाली तरी हाच नियम. शाळेतल्या मुलांना वाटा.

दुसऱ्या वाचकांसाठी थोडक्यात. जांभ्याचं मऊ पाणी आहे आणि शिंपल्यांचा हट्ट नाही, तर आठ हार्लेक्विन रासबोरा आणि हनी गुरामीची एक जोडी, आणि दोन महिन्यांनी तळाला पाच-सहा कोरी (कोरिडोरास) मासे. गुरामी वरची हवा घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली तर तग धरतो. रासबोरा आणि कोरी थव्याचे मासे, दोन-दोन आणले तर घाबरून झाडामागे बसतात. फायटर एकटाच ठेवायचा, आणि गप्पीबरोबर तर नाहीच, कारण गप्पीची लांब शेपटी बघून त्याला दुसरा फायटर आल्यासारखं वाटतं. टायगर बार्ब लांब परवाल्या कुणाबरोबरही नको, पर कुरतडतो.

आता विजेचं. जून-जुलैत आपल्याकडे वारा सुटला की वीज जाते, कधी रात्रभर येत नाही. बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा, दोन-तीनशे रुपयांची वस्तू आहे. नसेल तेव्हा मगने पाणी काढून वीतभर उंचीवरून परत ओता, अर्ध्या तासाने पुन्हा. वीज नसताना खायला घालू नका. मासे दोन दिवस उपाशी सहज राहतात.

विहिरीत पावसाळ्यात टीसीएल पावडर, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनची पावडर टाकतात. ती टाकल्यावर तीन-चार दिवस टाकीचं पाणी बदलू नका. बदलावंच लागलं तर बादलीत एक दिवस एअर पंप लावून ठेवा किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारणारे हायपोचे खडे घाला. क्लोरीनने माशांचे कल्ले भाजतात, आणि स्पंजमधले ते जिवाणूही मरतात. आमच्या आळीत एकदा पिण्याच्या पाण्याच्या टाकीत पावडर टाकल्याचं कुणी कळवलं नाही. मी नेहमीसारखं अर्धं पाणी बदललं आणि संध्याकाळपर्यंत अकरा मासे गेले. तेव्हापासून बादलीतल्या पाण्याचा वास घेतल्याशिवाय मी ते ओतत नाही, आणि एका वेळी चौथाई भागापेक्षा जास्त बदलत नाही.

आणखी एक चूक घरोघरी होते. टाकी गढूळ दिसली की सगळं उपसायचं, वाळू धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली साबण लावून पांढरा करायचा. असं केलं की बसलेली वस्ती वाहून जाते आणि परत पहिला दिवस. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा, बस.

सासूबाईंचं म्हणणं मला मनापासून पटतं. मुका जीव आपल्या चुकीने मरू नये, हेच तर या सगळ्या लिहिण्यामागे आहे. म्हणून खाणं घालायचं काम त्यांच्याकडे द्या. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढीच चिमूट. मॉली पालेभाजी खाते. पालकाचं पान उकळत्या पाण्यात बुडवून, गार करून आठवड्यातून एकदा टाकलं तर ती ओरबाडून खाते, आणि हे बघायला त्यांनाही आवडेल. तासाभरात उरलेलं पान काढून घ्यायचं.

मिस्टरांच्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही देऊ नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, म्हणून बोट बंदरात आहे, ते घरी आहेत. मासळीला अंडी घालायला, पिल्लं वाढवायला हे दोन महिने मोकळे सोडायचे असतात, हे त्यांना कुणी शिकवायला नको. तशीच बंदी टाकीलाही पाळायची आहे. ३१ जुलैपर्यंत एकही नवा मासा आणायचा नाही. फिल्टर अखंड चालू, आठवड्याला चौथाई पाणी बदल, दोन जिवांना चिमूटभर खाणं. अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब मिळतात. मुलाने दर रविवारी तपासून वहीत लिहायचं, आणि दोन्ही सलग तीन आठवडे शून्य आले पाहिजेत. बाबांनी त्याला बॅटरीचा पंप जोडून द्यायचा. जमलं तर या दोन महिन्यांत एखाद्या दिवशी तिघं रत्नागिरीला जाऊन या, सागरी संशोधन केंद्राचं मत्स्यालय आहे, आणि तिथल्याच शिरगावला मत्स्य महाविद्यालय. मासे हा शिकायचा विषय आहे, हे मुलाने डोळ्यांनी बघितलेलं बरं.

मग नारळी पौर्णिमेला बोट पुन्हा दर्यात जाईल, त्या आठवड्यात मॉली आणा. पिशवी तशीच बंद अर्धा तास टाकीच्या पाण्यावर तरंगत ठेवा, मग उघडून दर दहा मिनिटांनी वाटीभर टाकीचं पाणी तिच्यात घाला, तासाभराने जाळीने फक्त मासे सोडा. दुकानातलं पाणी टाकीत ओतू नका. प्लॅटी गणपतीनंतर.

वहीतले आकडे मला कळवा.